लायनफिश वादळातून आला नाही

‘१९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लोरिडात एक मत्स्यालय फुटलं, सहा लायनफिश समुद्रात गेले आणि त्यांनी कॅरिबियन व्यापलं. आता शार्कना त्यांची चटक लावली की झालं.’ ही पोस्ट गेल्या महिन्यात मला तिघांनी पाठवली.

आधी वादळाचं. फ्लोरिडाच्या डेनिया बीचजवळ लायनफिश, म्हणजे विषारी काट्यांचा हा परका मासा, सापडला १९८५ साली, म्हणजे वादळाच्या सात वर्षं आधी. सहा माशांची गोष्ट वॉल्टर कोर्टने या मत्स्यशास्त्रज्ञाच्या १९९५च्या टिपणातून पसरली. ती ऐकीव होती, हे पुढे त्यांनीच सांगितलं. सर्वाधिक संभव आहे तो हौशी लोकांनी टाकीतले नकोसे मासे समुद्रात सोडण्याचा. मला राग येतो तो इथे. वादळावर खापर फोडलं की बादली रिकामी करणारा हात सुटतो. उजनीच्या जाळ्यांत येणारा सकर मासाही असाच काचेच्या पेटीतून निघालेला.

सुरुवात मोजक्या माशांनी झाली, हे मात्र खरं. अटलांटिकमधल्या लायनफिशचं जनुकीय वैविध्य फारच कमी आहे. पण एक मादी वर्षाला वीस लाखांच्या आसपास अंडी घालते आणि पिल्लं महिनाभर प्रवाहाबरोबर वाहत राहतात. २००४ साली ते बहामाला पोचले होते. तिथे संशोधकांनी पाण्याखालच्या काही छोट्या प्रवाळखडकांवर एकेक लायनफिश सोडला, काही तसेच ठेवले. पाच आठवड्यांत लायनफिश असलेल्या खडकांवर नव्याने वस्तीला येणाऱ्या स्थानिक माशांची भर ७९ टक्क्यांनी घटली. हा शिकारी मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला; बहामातल्या माशांच्या पिल्लांना त्याची ओळखच नव्हती.

शार्कचा उपाय तर मला धोक्याचाच वाटतो. बहामात काही ग्रुपरच्या, म्हणजे आपल्या हेकरूच्या भाईबंदांच्या, पोटात लायनफिश सापडले आहेत. पण कॅरिबियनभर केलेल्या पाहणीत मोठे शिकारी जास्त तिथे लायनफिश कमी, असं दिसलं नाही. भाल्यावर मासा धरून शार्कला भरवलं, तर तो शिकतो एवढंच की पाणबुड्याकडे खाणं मिळतं.

उपयोग होतो तो भाल्याने मारण्याचा. विष काट्यांत असतं, मांसात नाही, त्यामुळे हा मासा खाताही येतो. मात्र एकदा साफ केलेल्या प्रवाळावर पुन्हा पुन्हा उतरावं लागतं. लायनफिश ३०० मीटर खोलवरही राहतो. तिथे भालेवाला पोचत नाही, आणि तिथली मादी दर तीन-चार दिवसांनी अंडी सोडत असते.