अँटेना तपासा म्हणे!

घरी कीट जोडून हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोक एकमेकांशी बोलतात तो बिनतारी सेट केला, तर तो काही ऐकतच नाही, आणि जो तो मला अँटेना तपासायला सांगतोय. शेवटचं सांगतो, माझी अँटेना बरोबर आहे. गच्चीवरच्या टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत डायपोल, म्हणजे दोन हातांची तारेची अँटेना ताणलीय, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, मधून ५० ओहमची केबल खाली. त्याच केबलला मित्राचा जुना कंपनीचा सेट लावला की ४० मीटरवरचं, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्टीवरचं, हॅम लोकांचं सकाळचं नेट (ठरल्या वेळेच्या गप्पा) खणखणीत. मी कीट जोडून केलेला लावला की ठार बहिरा. यापुढे कुणी 'सर, एकदा अँटेना चेक करा' म्हणालं तर मी त्याला फोनवरच झोडणार आहे. मराठीत, आणि नाही कळलं तर कन्नडमध्ये. बेळगावात राहून तेवढं येतं.

दुखणं काय ते ऐका. अँटेनाचा प्लग काढा नाहीतर लावा, स्पीकरमधली सरसर तेवढीच! ७ मेगाहर्ट्झवर आकाशातूनच इतका गोंगाट येतो की प्लग लावताक्षणी सरसर वाढायला पाहिजे. नाही वाढली तर सेटपर्यंत बाहेरचं काही पोचतच नाही, तो आपलं आपणच ऐकत बसलाय. ही परीक्षा फुकटची आहे, मीटरसुद्धा लागत नाही. आणि आत-बाहेर दोन्हीकडं तोच बँडपास फिल्टर (हवी तेवढीच पट्टी आत सोडणारी चाळण) असल्यानं ट्रान्समिटची पॉवरही मेलेली. हे सगळं कीट विकणाऱ्याला नीट लिहून पाठवलं. उत्तर काय? 'रात्री ब्रॉडकास्ट ऐकू येतंय ना सर, मग रिसीव्हर ओके आहे.'

ओके?

अरे बाबा, आपल्या देशात हॅमला ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी, आणि ७.२ ओलांडलं की लगेच परदेशी शॉर्टवेव्ह केंद्रं सुरू. शेकडो किलोवॅटची! ती उद्या खिळ्यावरसुद्धा ऐकू येतील. इकडं कोल्हापूरचा माणूस दहा वॅटवर बोलतोय. सिग्नलचा जोर एस १, एस २ असा मोजतात; एस ९ चा सिग्नल म्हणजे अँटेनाच्या टोकाला ५० मायक्रोव्होल्ट, आणि एस १ म्हणजे मायक्रोव्होल्टचा पाचवा हिस्सा. रिसीव्हर कसा आहे हे त्या पाचव्या हिश्श्यावर ठरतं. ओरडणारा ऐकू आला म्हणून कान चांगले आहेत म्हणायचं, ही कुठली तपासणी?

बरं, गावातली मदत म्हणाल तर ती त्याहून थोर. एक जण म्हणाला सगळं परत सोल्डर कर. केलं. दुसरा म्हणाला बीएफओ, म्हणजे बोलणं समजेल असं करणारा सेटमधला ऑसिलेटर, सरकला असणार. नव्हता सरकला. तिसरा म्हणाला रेडीमेडच घ्यायचा होतास की, एवढे कष्ट कशाला? त्याला काय सांगणार! शेजारची पोरगी रोज जिन्यात विचारते, 'काय वो काका, अजून बोलत नाही काय तुमचा रेडिओ?' तिचं एक सोडा, ती निदान अँटेनाला दोष देत नाही. गणपत गल्लीत गेलो, खडेबाजार पालथा घातला. ज्या काउंटरवर पूर्वी रेझिस्टरचे खण असायचे तिथं आता मोबाईलची कव्हरं आणि सीसीटीव्हीचे डबे. टोरॉइड, म्हणजे कॉइल गुंडाळायची कडी, मागितला तर एकानं वॉशर पुढं केला. वर विचारतो, 'केवढ्या बोल्टाला पाहिजे?'

शेवटी सेट उघडा करून मागल्या टोकापासून पुढं यायला लागलो, कारण दुसरा उपाय नव्हता. ऑडिओच्या आयसीच्या इनपुटला पेचकस लावला, जोरात गुर्र झालं, म्हणजे तो जिवंत. आयएफचं, म्हणजे सेटमधल्या मधल्या फ्रिक्वेन्सीचं स्टेज ठीक. क्रिस्टल फिल्टर ठीक. मग मीटरभर वायरचा तुकडा घेतला आणि बँडपास फिल्टरच्या अलीकडं, सरळ मिक्सरच्या, म्हणजे आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागाच्या तोंडाला टेकवला. सगळा बँड अंगावर आला! कुणीतरी साताऱ्याचा पाऊस सांगत होतं, त्याच्यावर दुसऱ्याचा सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का' अशी हाक. वीस मीटर लांब डायपोलवर जे येत नव्हतं ते हातातल्या तुकड्यावर आलं. दोष त्या तीन कॉइलच्या फिल्टरमध्ये, दुसरीकडं कुठंच नाही.

आता ट्रिमर, म्हणजे फिल्टर जुळवायला फिरवायचा छोटा कपॅसिटर. त्यातली अर्धचंद्राची पत्री पूर्ण एक फेरी फिरवली की आवाज दोनदा शिगेला जायला पाहिजे, एकदा चढताना, एकदा उतरताना. तसं झालं तर कॉइल खरोखर ट्यून होतेय. माझ्याकडं तिन्ही ट्रिमरवर एकदाच, तेही पत्र्या पूर्ण एकमेकींवर आल्यावर. आवाज वाढत वाढत जातो आणि तिथंच ट्रिमर संपतो. म्हणजे कपॅसिटन्स अजून पाहिजे, नाहीतर कॉइलच उणी आहे. ओळखीच्या एका मास्तरांच्या कॉलेजातून कॉइल मोजायचा एलसी मीटर आणला. मॅन्युअलात लिहिलंय ३० वेढे, ४.४ मायक्रोहेन्री. वेढे मोजले, बरोबर तीसच. मीटर म्हणतोय ३.६. तिन्ही कॉइलवर ३.६!

मग कोअर, म्हणजे वेढ्यांच्या आतली कडी बघितली. पिवळा.

टी-५० मापाचा तांबडा कोअर वेगळा, पिवळा वेगळा. तांबडा म्हणजे २ नंबरचं मटेरियल, त्याचा आकडा वेढ्यांच्या वर्गामागं ४.९ नॅनोहेन्री. पिवळा ६ नंबरचा, त्याचा ४. गुणून बघा, तीस वेढ्यांना तांबड्यावर ४.४ येतात, पिवळ्यावर ३.६. ७.१ मेगाहर्ट्झला जिथं ११४ पिकोफॅरड पुरले असते तिथं आता १४० लागतात, आणि तो छोटा ट्रिमर एवढा पल्ला कुठून गाठणार? फिल्टर वरच्या वर ७.१ च्या पुढंच बसून राहिला. म्हणून ती परदेशी केंद्रं मजेत येत होती आणि आपली माणसं गायब.

बरं, पिवळा कोअर वाईट आहे का? मुळीच नाही, या फ्रिक्वेन्सीला उत्तम चालतो. फक्त ३० च्या जागी ३३ वेढे द्यायचे. एक ओळ! कोअर बदललाय, ३३ वेढे द्या, एवढं चिठ्ठीवर खरडून पाकिटात टाकायला काय जात होतं? त्याऐवजी मॅन्युअल म्हणजे काळीपांढरी झेरॉक्स, त्यात पार्ट्सच्या यादीत 'टोरॉइड, ३ नग'. रंग नाही, नंबर नाही, काही नाही. आणि दोष कुणाचा? माझ्या सोल्डरिंगचा. माझ्या अँटेनाचा.

सोबत दिलेली तार नेमकी ३० वेढ्यांपुरती, त्यामुळं तिन्ही कॉइल उपसणं आलं. उपसताना एक पॅड बोर्डावरून उचललं, तिथं तारेचा तुकडा जोडून भागवलं. नवी तार उद्यमबागेतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणली. त्या तारेचं इनॅमल सोल्डरिंगच्या इस्त्रीनं वितळत नाही, ब्लेडनं खरवडून पॉलिश पेपर मारावा लागतो, आणि टोकाची एक बाजू जरी खरवडायची राहिली तरी टिन धरत नाही. बोटांची साल निघाली. पण ट्रिमर आता फेरीत दोनदा बोलतो, आणि प्लग लावला की सरसर धाडकन वाढते.

एलसी मीटरचा फोटो काढून विकणाऱ्याला पाठवला आणि फोन केला. तर शांतपणे म्हणतो, 'हां सर, त्या लॉटमध्ये पिवळेच आलेत.' म्हणजे माहीत होतं! इतके दिवस माझ्याकडनं अँटेना खाली-वर करून घेत होता, आणि याला माहीत होतं! मग मॅन्युअल का नाही बदललं, विचारलं.

'बदलणार की सर. छापलेली संपली की बदलणार.'

किती शिल्लक आहेत, विचारलं.

'भरपूर आहेत सर.'