फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालू नका

‘फ्यूज वारंवार उडत असेल तर तार कच्ची आहे, तांब्याची जाड तार घाला, कटकट मिटेल’ असा एक मेसेज सध्या फिरतो आहे. हा सल्ला चुकीचा आहे आणि घर पेटवू शकतो.

फ्यूजची तार मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. तारेतून करंट गेला की ती तापते, आणि ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. प्रमाणाबाहेर करंट गेला की भिंतीतल्या वायरचं इन्सुलेशन वितळण्याआधी फ्यूज वितळावा, एवढ्यासाठीच तो असतो. तिथे जाड तार घातली की सगळ्यात कच्चा दुवा भिंतीतली वायर होते. ती कुठे तापतेय हे दिसतही नाही.

फ्यूज का उडाला, हे काचेच्या फ्यूजमध्ये बऱ्याचदा दिसतं. तार मधोमध तुटलेली पण काच स्वच्छ असेल, तर बहुधा लोड जास्त झाला. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर शॉर्टसर्किट शोधा.

त्याच मेसेजमध्ये ‘फ्यूज शॉकपासून वाचवतो’ असंही म्हटलंय. कृपया यावर विसंबू नका. माणसाला ५०-१०० मिलिअँपिअर (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) करंटही जीवघेणा ठरू शकतो, ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग लागतं.

फ्यूज बदलताना मेन स्विच बंद करा, तेवढ्याच रेटिंगचा घाला. पुन्हा उडाला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.