चौदा वर्षांखालच्या मेडलचं काय करायचं?

शालेय स्पर्धांचा मोसम सुरू झाला की बॅनरही सुरू होतात. तालुक्यात पहिला, जिल्ह्यात दुसरी, विभागीय स्पर्धेसाठी निवड, आणि मागे भाऊंचा हात जोडलेला फोटो. कौतुक जरूर करा, पोरं राबलेली असतात. फक्त खाली "भावी ऑलिंपियन" लिहू नका. धावण्याच्या खेळात तेराव्या वर्षी जो सगळ्यांच्या पुढे असतो, तो बऱ्याचदा फक्त बाकीच्यांच्या आधी वाढलेला असतो.

मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची साडेतेरा-चौदाच्या सुमाराला. ही झाली सरासरी. एकाच वर्गातल्या दोन पोरांत या बाबतीत २-३ वर्षांचा फरक सहज असतो. एकाला मिशी फुटलेली, दुसऱ्याचा आवाजसुद्धा फुटलेला नाही, आणि दोघं एकाच हिटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीच्या एकाच शर्यतीत. वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारीत जन्मलेल्याला डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ अख्खं वर्ष जास्त मिळतं. (शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लिहिली, त्यांचा हिशोब वेगळाच.) सोळा-सतराव्या वर्षी मागची पोरं वाढून बरोबरीला येतात. तोवर पहिल्याला "तू चॅम्पियन आहेस" ऐकायची सवय लागलेली असते आणि दुसऱ्याने मैदान सोडलेलं असतं. नुकसान दोघांचंही होतं.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत पळायला लागला. तेव्हा तो विशीत होता. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) रौप्य आणलं, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग ३ वर्षं पहिली आली, स्टीपलचेसकडेही वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये फायनल पळाली. जिम्नॅस्टिक्सला लवकर सुरुवात लागते, मान्य. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावण्याला लागत नाही. त्यामुळे अकरा ते सोळा या वयात पालकांचं आणि सरांचं काम पोराकडून मेडल मिळवून घ्यायचं नसून पोरगं सतराव्या वर्षी धडधाकट आणि हौसेनं मैदानावर असेल एवढं बघायचं आहे.

आता मानसिकतेबद्दल. हल्ली शाळाशाळांत मोटिव्हेशनल स्पीकर येतात, तासभर टाळ्या होतात, दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. माझं स्पष्ट मत आहे की मोठी माणसं काय मोजतात आणि कशाबद्दल विचारतात, त्यावर पोराचं डोकं घडतं. घरी आल्यावर पहिला प्रश्न "कितवा आलास?" असेल तर पोरगं नंबरच मोजायला शिकणार. नंबर तर शेजारच्या लेनमध्ये कोण उभा आहे त्यावर ठरतो.

बरं, वेळ मोजायची म्हटलं तर तिथेही गोंधळ. तालुक्याची स्पर्धा मुरमाच्या मैदानावर, फक्कीने मारलेल्या लेन, शेवटी तीन शिक्षक मोबाइल घेऊन उभे. शंभर मीटरला १२.११ आले म्हणून पोरगं हवेत. मुळात हाताने घेतलेली वेळ वरच्या दशांशात घ्यायची असते, म्हणजे १२.११ चे १२.२ लिहायचे. घड्याळ दाबणाऱ्याचा बोटाचा उशीर धरून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना १०० आणि २०० मीटरला आणखी ०.२४ सेकंद मिळवायचे, ४०० ला ०.१४. म्हणजे खरी वेळ साधारण १२.४४. त्यात मैदान टेपने मोजलेलंच नसेल तर ते ९७ मीटर निघायचीही शक्यता असते. हेच पोरगं पुढे पुण्यात बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर १२.५० पळतं आणि "माझा वेग कमी झाला" म्हणून रडतं. सर म्हणतात टेन्शन घेतलं, वडील म्हणतात मोबाइल बघतो. प्रत्यक्षात पोरगं होतं तिथेच आहे. हे दशांशांचं गणित पोराला स्पर्धेला न्यायच्या आधी कागदावर करून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि अर्धी निराशा तिथेच टळते.

पोराची स्वतःशीच तुलना करायची तर दर ६ आठवड्यांनी, त्याच मैदानावर, तेच बूट घालून, घड्याळ त्याच माणसाच्या हातात देऊन. ३० मीटर उभ्या स्टार्टने, जागेवरून लांब उडी ३ प्रयत्नांतली सर्वांत चांगली, आणि १००० मीटर. तीनच आकडे, एका वहीत, पोराच्याच हाताने लिहिलेले. तिन्ही एकदम सुधारत नाहीत. उडी वाढली आणि हजार मीटर तिथेच राहिले तर पुढचे ६ आठवडे काय करायचं ते वहीच सांगते, ओरडायची गरज पडत नाही.

शाबासकीतही एक गडबड आहे. "हुशार आहेस", "रक्तातच आहे" म्हणू नये, मेहनतीचं कौतुक करावं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. म्हणून आता सगळेच उठसूट "मेहनत घे, यश मिळेल" म्हणतात. जी पोरगी ३ महिने घाम गाळून तिथेच अडकली आहे तिला हे वाक्य टोचतं, कारण तिने मेहनत घेतलेलीच असते. तिला नेमकं काय बदलायचं ते सांगायला लागतं. ८०० मीटरचं उदाहरण घ्या. २:४० चं ध्येय म्हणजे दर २०० मीटरला ४० सेकंद. आपली पोरं शिट्टी वाजली की पहिले २०० मीटर ३३ मध्ये मारतात, चारशेच्या पुढे पाय जड होतात आणि शेवटचे २०० मीटर ४८-५० ला जातात. लोक म्हणतात दम नाही. दम असतो, अंदाज नसतो. तो शिकवायला आठवड्यातून एकदा ४ वेळा २०० मीटर, मध्ये दीड-दोन मिनिटं चालणं. घड्याळ सरांकडे. पळून आल्यावर पोरीने आधी आपली वेळ सांगायची, मग सरांनी खरी सांगायची. पहिल्या दिवशी ४-५ सेकंदांची चूक निघते. महिना-दीड महिन्यात ती बरीच खाली येते. मग शाबासकी कशाची द्यायची हे शोधावं लागत नाही: "आज तिसरा दोनशे बरोब्बर ४० ला आणलास."

तेराव्या वर्षी १० वेळा ४०० मीटर असलं काही देणारे महाभाग आहेत. या वयात ३० मीटरचे वेगवान स्प्रिंट, उड्या, लंगडी, खो-खो आणि आरामात गप्पा मारत पळणं यानेच शरीर घडतं. खो-खोत जेवढं बसणं-उठणं, दिशा बदलणं आणि झेपावणं होतं तेवढं जमिनीवर अंथरायच्या कुठल्या महागड्या शिडीवर होत नाही.

वाढीचा काळ ओळखायला एक पट्टी पुरते. दर ३ महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीला उंची मोजा. ३ महिन्यांत २ सेंटीमीटर किंवा जास्त वाढली तर पोरगं झपाट्याच्या वाढीत आहे. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. पाय लांब झाल्याने स्टेप बिघडते, हर्डलवर पाय अडकतो, कालची उडी आज जमत नाही. हा आळस नव्हे. ही गत वर्ष-दीड वर्ष राहू शकते, आणि हे पोराला आधीच सांगून ठेवायचं. या काळात उड्या आणि कडक रिपीट (तेच अंतर पुन्हा पुन्हा जोरात पळणं) कमी करा, ड्रिल्स (पळण्याच्या ढबीचे व्यायाम) आणि लवचिकपणा चालू ठेवा. टाचेला दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखत असेल तर बहुधा वाढीच्या जागेवर ताण आलाय. थोडं दुखतं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जातं, तोवर हलका सराव चालतो. लंगडत असेल तर त्याच दिवशी बंद. नडगीवर एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं, तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडाला बारीक चीर असेल तर सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

मुलींबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे आपण सगळ्यात वाईट वागतो. बाराव्या ते चौदाव्या वर्षात अंग भरतं, कंबर रुंदावते, आणि पळण्याच्या वेळा वर्षभर सुधारत नाहीत किंवा मागे जातात. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "वजन वाढलंय, भाकरी कमी कर." पोरगी ऐकते. खाणं कमी, पळणं तेवढंच. सुरुवातीला वेळ थोडी सुधारतेही, त्यामुळे सगळे खूश. मग पाळी चुकायला लागते, हाडं कमकुवत होतात आणि सहा-आठ महिन्यांत नडगीचं दुखणं उभं राहतं. सलग ३ महिने पाळी आली नाही, किंवा पंधरावं वर्ष उलटलं तरी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. "पळणाऱ्या पोरींचं असंच असतं" हे चूक आहे. मैदानावर वजनाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही असा नियमच करा. विनाकारण दम लागत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासून घ्या, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो. लोह अंगी लागावं म्हणून जेवणाबरोबर चहा बंद, त्याऐवजी ताटात लिंबू पिळा. आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा ही बुटांइतकीच गरजेची वस्तू आहे. सरांना बोलायला अवघड जातं, म्हणून हे आईने किंवा मॅडमनी पुढे होऊन विचारायचं.

खाण्याचा हिशोब फार अवघड नाही. ४० किलोच्या पळणाऱ्या पोराला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं धरा. २ अंडी, २ पेले दूध, २ वाट्या उसळ किंवा घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे आणि ४ पोळ्या-भाकऱ्या, यात ती होतात. जिममधल्या दादाने दिलेला पावडरचा डबा नको. त्यात बंदी असलेलं काही निघालं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची.

सरावाचा भार मात्र कुणीच मोजत नाही. शाळेत पी.टी., संध्याकाळी अकॅडमी, रविवारी काकांबरोबर टेकडी. प्रत्येकाला वाटतं आपण थोडंच घेतो. वहीत रोज दोन गोष्टी लिहा: किती मिनिटं, आणि १० पैकी किती कठीण वाटलं. त्यांचा गुणाकार करा. ७५ मिनिटं आणि ७ म्हणजे ५२५, ४० मिनिटं आणि ३ म्हणजे १२०. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यात १५०० आणि या आठवड्यात २४०० असेल तर पुढच्या दोन आठवड्यांत काहीतरी दुखणार असं समजा. ढोबळमानाने पोराचं वय जेवढं, त्याहून जास्त तास आठवड्याला नकोत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. झोप ८ ते १० तास. क्लास रात्री साडेआठला सुटतो आणि मैदान पहाटे ५ ला, हे दोन्ही एकत्र बसत नाही. काय सोडायचं ते घरात बसून ठरवा.

स्पर्धेच्या दिवशी पालकांनी हमालाचं काम करावं, कोचचं नको. आधार कार्ड, जन्मदाखला आणि बोनाफाइडच्या प्रती, सेफ्टी पिना, जास्तीचे मोजे. शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी, पाऊण तास आधी केळं. मैदानाबाहेरचा वडापाव शर्यतीनंतर. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. हरल्यावर परतीच्या गाडीवर विश्लेषण बंद. भूक लागली का, एवढंच विचारा. दुसऱ्या दिवशी वही काढा: ठरवलेलं काय जमलं, कुठे सुटलं, पुढच्या आठवड्यात काय बदलायचं.

वय कमी दाखवण्याबद्दल एवढंच सांगतो की मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात, आणि पकडलं गेलं तर बंदी पोरावर येते, दाखला बदलून आणणाऱ्या वडिलांवर नाही. पकडलं गेलं नाही तरी २ वर्षांनी लहान पोरांना हरवून मिळवलेला नंबर वीस वर्षांखालच्या गटात टिकत नाही.

शेवटचा मुद्दा दहावीचा. ग्रेस मार्कांपुरतं सर्टिफिकेट हातात आलं की बरीच घरं खेळ बंद करतात: "आता अभ्यास, बारावीनंतर बघू." दोन वर्षं बंद केलेला खेळ क्वचितच परत सुरू होतो, नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाची आशा असली तरी. पूर्ण बंद करण्याऐवजी आठवड्याला ३ दिवस, ४५ मिनिटं ठेवा: एक दिवस आरामात पळणं, एक दिवस ६ वेळा ३० मीटर आणि थोड्या उड्या, एक दिवस दंड-बैठका आणि ड्रिल्स. स्पर्धा नको, वेळेचा हट्ट नको. बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर पहिल्या आठवड्यातही तेवढंच, आणि मग दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवत न्या. मेच्या उन्हात सकाळी सातच्या आत सराव आटपायचा.