‘रशियन सॅलडमध्ये मेयोनीजच नाही’ या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आमच्या पुण्यातील उपाहारगृहातून आपण पार्सल नेलेल्या व्हीगन (म्हणजे दूध, अंडी यांसह कोणताही प्राणिज पदार्थ नसलेल्या) रशियन सॅलडविषयीचा आपला अभिप्राय वाचला. मेयोनीज नाही, अननस नाही, डब्याच्या तळाशी पाणी साचलेले, चव उपवासाच्या बटाट्याच्या भाजीसारखी आणि एवढे करून ‘हलके’ या नावाखाली 240 रुपये, असे आपले म्हणणे आहे. हा पदार्थ इतरही ग्राहक मागवत असल्याने उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

लग्नाच्या बुफेत मिळणाऱ्या रशियन सॅलडमध्ये डब्यातला अननस आणि गोडसर मेयोनीज असते, आणि तीच चव मनात धरून आलेल्या माणसाला आमचे सॅलड पसंत पडणार नाही, हे उघड आहे. मात्र अननस ही आपल्याकडची भर आहे. 1860च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटेज रेस्टॉरंटमध्ये ल्युसिअँ ऑलिव्हिए यांनी हे सॅलड नावारूपाला आणले, तेव्हा त्यात रानपक्ष्याच्या मांसासारखे भारी जिन्नस पडत. सोव्हिएत काळात त्यांच्या जागी सॉसेज, उकडलेली अंडी आणि डब्यातले मटार आले. उपवासाच्या बटाट्याचा टोमणा आपण मारला आहे खरा, पण तो नेमका वर्मी लागणारा नाही. रशियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासात मांस, अंडी आणि दूध वर्ज्य करतात, आणि त्या दिवसांत हेच सॅलड मांसाऐवजी मशरूम घालून, बिनअंड्याच्या ड्रेसिंगमध्ये केले जाते. आमची कृती त्याच उपवासाच्या सॅलडवर बेतलेली आहे.

बाजारातले बिनअंड्याचे मेयोनीज का वापरत नाही, असेही आपण विचारले आहे. त्यात पुष्कळदा दुधाची पावडर असते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, व्हीगन असल्याचे नव्हे. दुधाविना केलेले मेयोनीजही मिळते, परंतु नेहमीच्या दाट मेयोनीजच्या वजनात साधारण 70 ते 80 टक्के तेलच असते, त्यामुळे ते घालून सॅलड व्हीगन होईल, हलके होणार नाही. आम्ही मऊ टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर), थोडे भिजवलेले काजू, मोहरीची पेस्ट आणि लिंबाचा रस एकत्र वाटतो. त्यात चिमूटभर काळे मीठ पडते, कारण त्यातल्या गंधकामुळे उकडलेल्या अंड्याच्या वासाची आठवण होते. ‘हलके’ हा शब्द तेलापुरताच आहे. बटाटा हा बटाटाच राहतो, आणि हे सॅलड वजन उतरवते असा दावा आम्ही कोठेही केलेला नाही.

तळाशी साचलेल्या पाण्याचे कारण सरळ आहे. मीठ आणि लिंबू लागलेली भाजी पाणी सोडतेच. तेलकट, घट्ट मेयोनीजमध्ये ते खपून जाते, टोफूच्या ड्रेसिंगमध्ये मात्र दिसते. दुपारी नेलेला डबा रात्री उघडल्याचे आपणच लिहिले आहे, आणि दोन तासांत खावे अशी सूचना झाकणावर छापलेली असते. डबा रात्रीसाठी हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगावे. ड्रेसिंग वेगळ्या वाटीत बांधून देता येते आणि त्याचे जादा पैसे लागत नाहीत.

किमतीबाबत एवढेच, की यातले काम हाताचे आहे. बटाटे सालासकट, पाण्यात थोडे व्हिनेगर घालून उकडावे लागतात, म्हणजे फोडींच्या कडा मोडत नाहीत. ते फ्रिजमध्ये पूर्ण गार झाल्यावरच सोलून मटाराच्या दाण्याएवढे चिरतात. गरम बटाटा चिरला तर त्याचा लगदा होतो, आणि मग कोणतेही ड्रेसिंग त्याला वाचवू शकत नाही. गाजर आणि खारवलेली काकडी त्याच मापाने चिरली जाते, कारण एका घासात सगळे एकदम यावे हीच या सॅलडची मुळात गंमत आहे. थंड पदार्थाची चव जिभेला एकंदरीत कमी जाणवते, म्हणून मीठ आणि आंबटपणा दोन्ही किंचित चढे ठेवलेले असतात. आपल्याला ते अजून चढे हवे असल्यास काउंटरवर सांगावे, लगेच वाढवून देता येईल.

गोड, अननसाचे सॅलड आम्ही करत नाही आणि सध्या तरी करण्याचा विचार नाही. पुन्हा येणार असाल तर आधी अर्धी प्लेट तिथेच बसून खाऊन पाहावी, असे सुचवतो. मात्र घरात कोणाला सोयाबीन, काजू किंवा मोहरीची ॲलर्जी असेल तर हे सॅलड मागवू नये. या तिन्हींवाचून ते करून देणे आम्हाला शक्य नाही.