एक रुपया, एक डॉलर आणि तीन रुपये पाच आणे

पंधरा ऑगस्ट जवळ आला की हा मेसेज येतोच. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: "1917 मध्ये 1 रुपया म्हणजे 13 डॉलर होते. 15 ऑगस्ट 1947 ला 1 रुपया म्हणजे 1 डॉलर, कारण देशावर एका पैचंही कर्ज नव्हतं. पुढे पंचवार्षिक योजनांसाठी कर्जं काढली आणि रुपया घसरत गेला. तो पुन्हा डॉलरच्या बरोबरीला आला की भारत महासत्ता!" मी एफवायच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवतो. यंदा हा मेसेज मला तीन ग्रुपांवरून आला, त्यातला एक आमच्या स्टाफरूमचा. म्हणून म्हटलं, एकदा एकेक वाक्य धरून बघू.

आधी 1947. त्या दिवशी रुपया पौंडाला बांधलेला होता आणि तो भाव 1927 पासून कायद्याने ठरलेला होता: 1 रुपयाला 1 शिलिंग 6 पेन्स. पौंडाचे शिलिंग 20, शिलिंगाचे पेन्स 12; रुपयाचे आणे 16, आण्याच्या पै 12. म्हणजे एका पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. त्या वेळी पौंडाला 4.03 डॉलर मिळत. भागाकार केला की एका डॉलरला 3.31 रुपये येतात, तेव्हाच्या भाषेत तीन रुपये पाच आणे. भारताने डिसेंबर 1946 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे नोंदवलेला भावही हाच होता: रुपयाला 30.225 सेंट. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तेव्हा चिंतामणराव देशमुख होते, आपल्या महाडकडचे. त्यांच्या काळातला हा आकडा शोधायला कुठल्या गुप्त दप्तरात शिरावं लागत नाही, दहावीचं गणित पुरतं.

"कर्ज नव्हतं" हे परदेशी कर्जापुरतं मात्र बरंचसं खरं आहे, आणि गंमत म्हणजे तेच मेसेजच्या मुळावर येतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सेवा घेतल्या आणि त्यांचे पैसे लंडनमधल्या खात्यावर मांडून ठेवले. ही पौंडातली शिल्लक स्वातंत्र्याच्या वेळी शंभर कोटी पौंडांहून जास्त होती. थोडक्यात, आपण सावकार होतो आणि साहेब देणेकरी. कर्ज नसणं म्हणजे बरोबरी असा नियम असता, तर आपल्याला बरोबरीपेक्षा जास्तच मिळायला हवं होतं. पण तेव्हाही डॉलरला तीन रुपये पाच आणे मोजावे लागत होते. उलट बाजूने बघा: आज जगात सर्वांत मोठं सरकारी कर्ज अमेरिकेवर आहे, आणि मेसेजवाले हेवा करतात तो त्याच अमेरिकेच्या डॉलरचा.

पंचवार्षिक योजनांवरचा आरोप तर नुसत्या तारखा लावल्या तरी टिकत नाही. सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पौंडाची किंमत 4.03 वरून 2.80 डॉलरवर आणली. पौंडाला बांधलेला रुपयाही त्याबरोबर उतरला आणि डॉलर 4.76 रुपयांना झाला. पहिली योजना सुरू झाली 1951 मध्ये. त्यानंतर 6 जून 1966 पर्यंत भाव 4.76 वरच थांबला. तीन योजना होऊन गेल्या, परदेशी कर्जंही निघाली, भाव तसाच. मग एका झटक्यात 7.50 झाला, कारण आत महागाई वाढत असताना बाहेरचा भाव कागदावर गोठवून ठेवला होता. त्यात दोन युद्धं, 1965 चा दुष्काळ आणि थांबलेली परदेशी मदत. कर्जाचा संबंध कधीच नसतो असं मी म्हणत नाही. 1991 मध्ये परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. तिथे परदेशी देण्यांचा ताण होताच. पण ते 44 वर्षांनंतरचं प्रकरण आहे.

आता मेसेजचा खरा गाभा: भारी रुपया म्हणजे श्रीमंत देश. इथे मला थोडं रेंगाळायचंय.

गेली काही वर्षं एका रुपयाला दीडाहून जास्त जपानी येन मिळतात. मेसेजचा मापदंड लावला तर जपान आपल्याहून गरीब ठरेल. दोन चलनांमधला आकडा मुळात कुठून सुरू झाला, हा निव्वळ इतिहासाचा भाग. तो वर-खाली कसा होतो हे बघायचं, तर डॉलरला एक वस्तू समजा. मागणी वाढली की महाग, पुरवठा वाढला की स्वस्त. आपण खनिज तेलाचा बहुतेक भाग बाहेरून आणतो, त्याला डॉलर लागतात. आणि आपल्याकडच्या किमती अनेक दशकं अमेरिकेपेक्षा जास्त वेगाने वाढल्या. ज्या नोटेत घरी कमी माल येतो, तिला बाहेर जास्त डॉलर कोण देणार?

"पण सर, डॉलर एक रुपयाला झाला तर हजार डॉलरचा आयफोन हजार रुपयांत!" हे वर्गात दरवर्षी कुणीतरी म्हणतं. डॉलरचा भाव हिशेबापुरता 85 धरू. नाशिकच्या बागायतदाराने द्राक्षांची पेटी 10 डॉलरला बाहेर विकली, तर हाती 850 येतात. उद्या बरोबरी झाली तर 10 रुपये. मजूर, औषधं, पॅकिंग, शीतगृह यांची बिलं मात्र आजच्याच रुपयांत. हिंजवडीतली कंपनी तासाला 20 डॉलर बिल लावते, त्याचे 1700 ऐवजी 20 रुपये होतील. इंजिनिअरचा पगार सोडा, वॉचमनचाही निघणार नाही. कुणी म्हणेल, मग पगार, मजुरी, भाडं सगळ्यालाच 85 ने भागू. भागा की! मग हजाराचा आयफोन घ्यायला साठ हजारांचा पगार सातशे उरेल. नोटांवरची शून्यं गेली, बाकी सगळं जिथल्या तिथे.

आणि ही चर्चा काही नवी नाही. 1920 च्या दशकात रुपया 1 शिलिंग 6 पेन्सचा ठेवायचा की 1 शिलिंग 4 पेन्सचा, यावर रान उठलं होतं. सरकारला भारी रुपया हवा होता. मुंबईचे गिरणीमालक आणि देशी व्यापारी हलका मागत होते. सरकारने नेमलेल्या आयोगात मुंबईचे कापूस-व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी 1 शिलिंग 4 पेन्सच्या बाजूने वेगळं मत नोंदवलं. कारण साधं होतं. 18 पेन्सचं, म्हणजे 1 शिलिंग 6 पेन्सचं, विलायती कापड 1 शिलिंग 4 पेन्सच्या भावाने इथे एक रुपया दोन आण्यांना पडे, 1 शिलिंग 6 पेन्सच्या भावाने एका रुपयाला. रुपयामागे दोन आणे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना सूट, गिरणगावला फटका. कापूस बाहेर विकणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातचेही तेच दोन आणे जात, शेतसारा मात्र तेवढाच. ज्या भारी रुपयाविरुद्ध आपले लोक भांडले, त्याच्यासाठी आता आपण तिरंग्याची इमोजी लावून गळा काढतोय.

रुपया घसरला तर बरंच, असा याचा अर्थ नाही. पेट्रोल महागतं, बाहेर शिकणाऱ्या पोरांच्या फीचे आकडे बापाची झोप उडवतात. झटक्याने घसरला तर उद्योगांचेही हिशेब कोलमडतात.

राहिले 1917 चे 13 डॉलर. तेव्हाचा रुपया चांदीचा, वजनाने एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. ट्रॉय औंस 31.1 ग्रॅमचा, म्हणजे नाण्यात औंसाचा तिसरा हिस्सा आणि वर थोडीशी चांदी. महायुद्धात इथे चांदीची इतकी टंचाई झाली की नोव्हेंबर 1917 मध्ये सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेने खास कायदा करून आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली, औंसाला एक डॉलर दराने. त्या दराने रुपयातली चांदी भरते सुमारे 34 सेंटची. एका रुपयाला 13 डॉलर असते, तर त्याच चांदीचा भाव औंसाला 38 डॉलरच्या आसपास असायला हवा होता.

मग तेरा आले कुठून? माझा आपला अंदाज: पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै हा भाव कुणीतरी वाचला, पौंडाच्या जागी डॉलर टाकला, आणि उतरवून घेताना बाजू उलटल्या.