तीन वार कापड गेलं कुठं?

सोलापुरात कन्ना चौकातल्या टपरीपुढचा आमचा कट्टा रविवारी सकाळी भरतो. परवा विषय निघाला श्रीनूच्या लेकीच्या लग्नावरून. तिला लग्नात नऊवारीच हवी, पण शिवलेली, पायजम्यासारखी चढवायची. श्रीनू म्हणाला, "माझी आजी अंधारात नेसायची बे, दोन मिनिटांत."

झालं, नऊवारी गेली का आणि कशामुळं, यावर जुंपली.

श्रीनूच्या घरात तीन पिढ्या माग. त्याचा हिशेब कापडाचा. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचा माल सैन्याकडं वळला, १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आलं, बाजारात लुगडं मिळेना. "नऊ वारांचं सहावर आलं. तीन वार वाचले, विषय संपला."

शिवणकाम करणाऱ्या वहिनी चहाला थांबल्या होत्या. त्यांनी तिथंच अडवलं. "नऊवारीला परकर लागतो का हो? सहावारी गोल साडीला लागतो. दोन-सव्वादोन मीटर तिथं गेलं, वर फॉल. तीन वार म्हणजे पावणेतीन मीटर. वाचलं किती?"

"परकर साध्या कापडाचा असतो, वर्षानुवर्षं टिकतो," श्रीनूनं जीव तोडून सांगितलं. त्यातही तथ्य आहे.

भाईंचं कापडदुकान आहे. त्यांनी वेगळीच गाठ मारली. १९४७ साली पॅरिसमध्ये डिओर नावाच्या फॅशनकारानं लांब, घोळदार झगे काढले, एकेकाला कितीतरी मीटर कापड. इंग्लंडात तेव्हा कपड्यांचं रेशन सुरूच होतं, ते १९४९पर्यंत चाललं. लोकांनी आरडाओरडा केला, तरी बायकांनी ते झगे घेतलेच. "टंचाईला कंटाळलेल्या माणसाला कापड जास्तच लागतं. मग आपल्याकडं टंचाई सरल्यावर नऊवारी परत का नाही आली?"

याचं उत्तर श्रीनूकडं नव्हतं. माझ्याकडं आहे, असं मला वाटतं. गोल साडी युद्धाच्या आधीच शहरात शिरली होती. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी ती धरली. सवाष्णीनं कासोटा सोडू नये, असं घरातली थोर माणसं बजावायची. त्या पोरींनी ती बोलणी खाल्ली आणि गोल पातळ नेसून वर्गात बसल्या. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हळूहळू गोल साडी म्हणजे शिकलेली आणि काष्टा म्हणजे खेडवळ, असं होऊन बसलं. टंचाईनं फक्त मागून धक्का दिला.

आणि यात एक गोष्ट हातची गेली, ती मला आजही खुपते. माझी आजी इरकल लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून आडाचं पाणी शेंदायची, शिडीवर चढून माळ्यावरची मडकी काढायची. लुगडं मधोमध विरलं की तेवढा भाग कापून, उरलेले तुकडे जोडून दंड घालायची आणि पुन्हा वर्षभर नेसायची. आई गोल साडीतली. एकदा बसच्या पायरीत तिच्या निऱ्या अडकल्या आणि ती गुडघ्यावर पडली. उठून तिनं आधी साडी सावरली, मग गुडघा पाहिला. मग नायलॉनच्या साड्या आल्या, धुणं-वाळवणं सोपं झालं, पण पाऊल तेवढंच आखूड राहिलं.

पुढं बहिणीनं लुना घेतली आणि पंजाबी ड्रेस शिवला. घरात आठवडाभर धुसफूस. मोकळी टांग टाकायला मिळाली म्हणून ती केवढी हरखली होती! आजी मात्र ओसरीवरून एवढंच म्हणाली, "काष्ट्यातबी बसता आलं असतं की." तेव्हा आम्ही हसलो. हसायला नको होतं.

श्रीनू अजून मान्य करत नव्हता. "कापड महाग नसतं तर टिकली असती," त्याचं पालुपद चालूच. वहिनी उठल्या. त्याच्या लेकीची नऊवारी त्याच शिवतायत.

"आतून खिसा लावते, मोबाईल मावेल एवढा."

"नवरीला मोबाईल कशाला लग्नात?"

"तुमच्या आजीच्या कनवटीला काय असायचं?"

श्रीनूनं कप खाली ठेवला. "पैसे," तो म्हणाला. "आणि पेटीची किल्ली."