साइडिसबद्दलचा तो फॉरवर्ड चुकीचा आहे
घोडबंदर रोडच्या आपल्या पालक ग्रुपवर कालपासून फिरतंय की विल्यम साइडिस या लहानपणीच हुशारीसाठी गाजलेल्या अमेरिकन मुलाचा आयक्यू ३०० होता आणि अति अभ्यासाने वेडा होऊन त्याने जीव दिला, प्लीज हे पुढे पाठवू नका. ३०० दाखवणाऱ्या कुठल्याही टेस्टचा रेकॉर्डच नाहीये. ११ व्या वर्षी, १९०९ ला हार्वर्डमध्ये गेला हे खरंय, पुढच्याच वर्षी तिथल्या गणितवाल्यांसमोर चार मितींवर लेक्चर दिलं तेही खरं. पण तो गेला १९४४ ला, ४६ व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन. मधे साध्या क्लार्कच्या नोकऱ्या केल्या, ट्रामच्या तिकिटांवर पुस्तक लिहिलं, १९३७ ला एका मासिकाने त्याचं खाजगी आयुष्य छापलं म्हणून कोर्टात गेला आणि हरला. शांतपणे जगायचं होतं हो त्याला, आणि आपण दहावीच्या पोरांना घाबरवायला त्याचं नाव वापरतोय, फार वाईट वाटलं वाचून.